सावरणं कसं मोजायचं?

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मॅगझिन कमिटीच्या ताईंनी सांगितलं तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "इंग्लिश सेक्शनमध्ये जागा नाहीये का?" बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढलेली मी. एकोणसत्तर म्हणजे साठातले की सत्तरातले, हे मला आजही बोटांवर मोजावं लागतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या ताईंना जाऊन सांगा, त्यांनीच तपासलंय.

सुरुवात झाली स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या व्हायव्हामध्ये. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "रेझिलियन्स म्हणजे काय?" मी रट्टा मारलेली व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. इलॅस्टिक लिमिटपर्यंत ताणलेल्या वस्तूत साठलेली आणि लोड काढल्यावर परत मिळणारी एनर्जी. सर म्हणाले, "छान. आता मराठीत एका शब्दात सांग." मी गप्प! लवचिकता म्हणावं तर ती इलॅस्टिसिटी झाली. चिवटपणा म्हणावं तर ती टफनेस, म्हणजे तुटेपर्यंतचं सगळं क्षेत्रफळ. रात्री आजीला फोन लावला. ती म्हणाली, "स्प्रिंगचं मला माहीत नाही बाई. माणूस मात्र सावरतो."

माझ्या डोक्यात हा शब्द अडकून बसला. मग लायब्ररीत आणि नेटवर शोधताना कळलं की समाजशास्त्र आणि अर्थशास्त्रवाले लोक गेली काही दशकं याच शब्दाच्या मागे लागलेत. एखादं गाव, गल्ली, शहर संकटातून किती सावरतं, हे मोजायचं कसं? आपण इंजिनिअर, मोजायचं म्हटलं की आपले कान टवकारतात. म्हणून हा लेख.

गंमत म्हणजे या विषयात आपल्या जातीला, म्हणजे इंजिनिअर लोकांना, थोडी शिवी बसलेली आहे. सी. एस. हॉलिंग नावाचे कॅनडाचे पर्यावरणशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७३ साली एक प्रबंध लिहिला. कॅनडातल्या फर आणि स्प्रूसच्या जंगलांवर एक अळी अधूनमधून टोळधाडीसारखी येते आणि मोठी फरची झाडं फस्त करते. बघणाऱ्याला वाटतं, जंगल संपलं. पण अळी आलीच नाही तर फर बाकीच्या झाडांना दाबून टाकते. अळीमुळे स्प्रूस आणि बर्च यांना संधी मिळते. म्हणजे जंगल सतत हेलकावे खातं आणि म्हणूनच टिकतं. हॉलिंग यांनी पुढे दोन वेगळ्या कल्पना मांडल्या. धक्क्यानंतर किती लवकर मूळ जागी येता, ती 'इंजिनिअरिंग' रेझिलियन्स. आणि मूळ स्वरूप न बदलता किती मोठा धक्का पचवू शकता, ती 'इकॉलॉजिकल'. पहिली अरुंद आणि दुसरी व्यापक, असा त्यांचा सूर. आपलं नाव अरुंद कल्पनेला! असो.

माणसांच्या बाबतीत ही कल्पना नीट आणली ती नील अ‍ॅजर यांनी, २००० साली. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर खारफुटी तोडून कोळंबीची तळी झाली, तेव्हा तिथल्या लोकांचं काय झालं हे ते बघत होते. त्यांची व्याख्या साधारण अशी की, सामाजिक, राजकीय किंवा पर्यावरणातल्या बदलांमुळे बाहेरून येणारे ताण आणि धक्के झेलण्याची गटांची, समुदायांची क्षमता. यात 'गटांची' हा शब्द महत्त्वाचा. एकटा माणूस किती खंबीर आहे हा सायकॉलॉजीचा विषय. इथे प्रश्न असा आहे की माणसांच्या मधल्या जागेत काय आहे.

आता मोजमाप. २००३ साली मिशेल ब्रुनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जे भूकंप इंजिनिअरिंगवाले होते, एक अतिशय सोपा ग्राफ काढला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर एखादी सेवा किती टक्के चालू आहे ते. भूकंपाआधी १०० टक्के. भूकंप झाला की रेष धाडकन खाली, मग हळूहळू वर. वरची आडवी रेष आणि ही खड्ड्यातून चढणारी रेष यांच्यामध्ये जो त्रिकोण तयार होतो, त्याचं क्षेत्रफळ म्हणजे तुमचं नुकसान. त्रिकोण जितका लहान तितकं गाव सावरण्यात पटाईत.

माझं एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका हॉस्टेलचं पाणी ४० टक्क्यांवर आलं आणि १० दिवसांत सरळ रेषेत पूर्ववत झालं. क्षेत्रफळ, अर्धा गुणिले ६० गुणिले १०, म्हणजे ३००. दुसऱ्या हॉस्टेलचं पाणी ७० टक्क्यांवरच थांबलं, पण पूर्ववत व्हायला ३० दिवस लागले. अर्धा गुणिले ३० गुणिले ३०, म्हणजे ४५०. पहिल्या हॉस्टेलची बातमी पेपरात येईल, पण जास्त सोसलं दुसऱ्याने. हे मला फार आवडलं. आपण नेहमी खड्ड्याची खोली बघतो, रुंदी बघत नाही.

अर्थशास्त्रात अ‍ॅडम रोझ यांनी याचेच दोन भाग केले. उरलंय त्यात भागवणं हा एक, आणि पैसा, मजूर, यंत्रं लावून दुरुस्ती लवकर उरकणं हा दुसरा. मेसचा गॅस संपल्यावर काकांनी इंडक्शनवर खिचडी टाकली तर ते पहिलं, आणि सिलिंडर आणायला माणूस पिटाळला तर ते दुसरं.

इथपर्यंत सगळं आपल्या सिलॅबससारखं वाटतं. पण त्रिकोण काढायला उभ्या अक्षावर काहीतरी ठेवावं लागतं. वीज, पाणी, रस्ता ठीक आहे. माणसांच्या बाबतीत काय ठेवणार? आणि कोणाचं?

मी सांगलीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. आमच्या गल्लीत पहिल्या मजल्याच्या पायऱ्या मोजत आम्ही बसलो होतो. दोन महिन्यांत गल्ली परत उभी राहिली. किराणा दुकान नव्या रंगात उघडलं, दिवाळीला कंदील लागले. सगळे म्हणत, बघा, आपली गल्ली कशी सावरली. ब्रुनोसाहेबांचा त्रिकोण काढला असता तर छोटासाच निघाला असता.

पण आमच्या समोरच्या घराच्या पडवीत इस्त्रीवाल्या काकू भाड्याने राहायच्या. पंचनामा घराचा झाला, आणि घर मालकाच्या नावावर. काकूंची इस्त्री, टेबल आणि लोकांचे वाहून गेलेले कपडे कोणाच्या कागदावर आलेच नाहीत. कपड्यांचे पैसे मात्र लोकांनी मागितले. आम्हीही एका साडीचं बोललो होतो, हे लिहिताना मला लाज वाटते. दिवाळीच्या आत काकू निघून गेल्या. कुठे गेल्या ते माहीत नाही. आता जरा हिशेब बघा. नंतर कोणी आमच्या गल्लीचा सर्व्हे केला असता तर काकू त्यात नसत्याच. सगळ्यात जास्त मोडलेलं माणूस यादीतून गेलं की उरलेल्यांची सरासरी आपोआप वर चढते! ज्यांना सावरता येत नाही ते निघून जातात आणि आकडे छान दिसायला लागतात.

ही अडचण तज्ज्ञांनाही आहे. डॅनियल ऑल्ड्रिच या अभ्यासकाने २०१२ च्या पुस्तकात चार आपत्ती तपासल्या. टोकियोचा १९२३ चा भूकंप, कोबेचा १९९५ चा भूकंप, तमिळनाडूची २००४ ची त्सुनामी आणि न्यू ऑर्लिन्सचं २००५ चं कतरिना वादळ. टोकियोसाठी त्याने सावरण्याचं माप म्हणून त्या भागाची लोकसंख्या किती परत वाढली हे धरलं. डोकी मोजता येतात हे खरं, पण तीच डोकी का, हे त्यातून कळत नाही. तरी त्याचं मुख्य म्हणणं पटण्यासारखं आहे. नुकसान किती झालं, मदत किती आली, भाग श्रीमंत की गरीब, यांच्या बरोबरीने किंवा जास्तच, लोकांचे आपसातले संबंध कसे होते यावरून सावरण्याचा अंदाज येतो. कोबेच्या मानो या वस्तीत लोक १९६० च्या दशकापासून कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध एकत्र लढत आले होते. भूकंपानंतर आगी लागल्या तेव्हा तिथल्या लोकांनी रांग लावून हातोहात बादल्या पोहोचवून आग रोखली. ओळख आधीची होती, आग नंतरची.

याहून ठळक उदाहरण शिकागोचं आहे. १९९५ च्या जुलैमध्ये तिथे उष्णतेची लाट आली. पारा ४१ सेल्सिअसवर. (आमच्या विंगमधल्या अकोला-चंद्रपूरच्या मुली हे वाचून हसल्या. पण तिथल्या विटांच्या बंद घरांमध्ये ते जीवघेणं होतं.) एका आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन वस्त्या घेतल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साऊथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण जवळपास सारखं, हवा तर एकच. पण मृत्यूचं प्रमाण नॉर्थमध्ये सुमारे दहापट!

का? नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने आणि दुकानं बंद पडली होती, घरं ओस, मोकळे प्लॉट, संध्याकाळी बाहेर पडायची भीती. म्हातारी माणसं दार-खिडक्या लावून आत बसली. साऊथमध्ये फुटपाथवर गर्दी, कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान, त्यामुळे आजोबा उकाड्यात सहज बाहेर येऊन दुकानात बसायचे. आणि दोन दिवस दिसले नाहीत तर दुकानदाराच्या लक्षात यायचं. लक्षात घ्या, साऊथची माणसं स्वभावाने जास्त प्रेमळ होती असं क्लिननबर्ग म्हणत नाही. त्याचा रोख रस्त्यावर आहे, दुकानावर आहे, म्हणजे थोडक्यात सिव्हिल ब्रँचवर आहे. आमच्या मेकॅनिकलला यात क्रेडिट मिळणार नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातलं. हे वाचून मी खरंच उडाले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने १९७५ पासून काही खेड्यांमध्ये मुक्काम ठोकून घराघरांचे हिशेब लिहून ठेवले. त्यातली तीन गावं जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांना पाठ आहेत. आताच्या तेलंगणातलं औरेपल्ली, आणि आपल्याकडचं सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कानझरा. प्रत्येक गावात ४० घरं, त्यात भूमिहीन, छोटे, मध्यम आणि मोठे शेतकरी असे सगळे.

रॉबर्ट टाउनसेंड यांनी या नोंदींवर १९९४ साली एक प्रश्न विचारला. समजा माझा बैल मेला, किंवा मी महिनाभर आजारी पडले. हे संकट फक्त माझं. गावात एकमेकांना सांभाळून घेण्याची पद्धत पूर्णपणे चालत असेल तर माझ्या ताटातली भाकरी माझ्या कमाईवर अवलंबून राहणार नाही, ती गावाच्या सरासरी भाकरीबरोबर वर-खाली होईल. म्हणजे एका बाजूला घराचा खर्च, दुसऱ्या बाजूला गावाची सरासरी आणि घराची स्वतःची कमाई, असं समीकरण मांडायचं. आपण मॅथ्समध्ये कर्व्ह फिटिंग करतो ना, तेच. स्वतःच्या कमाईचा कोइफिशंट शून्य आला तर गाव म्हणजे एक परिपूर्ण विमा कंपनी.

शून्य आला नाही, पण आश्चर्य वाटावं इतका लहान आला. घरांचा खर्च गावाच्या सरासरीबरोबर हलत होता, स्वतःच्या कमाईचा, आजारपणाचा परिणाम फारसा नव्हता. कोणतंही एलआयसी ऑफिस नसताना! उसनवार, घरातली ज्वारी, विकलेला बैल, सावकार, पाहुणे, असं सगळं मिळून ते घडत होतं. त्याच नोंदींवर रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांनी १९८९ साली तर लेकींच्या लग्नांचा अभ्यास केला. ज्यांच्या शेतीचं उत्पन्न जास्त बेभरवशाचं, ती घरं मुली लांबच्या गावी देत होती असं दिसलं. इथे पाऊस पडला नाही तरी तिथे पडलेला असू शकतो, आणि सोयरीक असेल तर अडीनडीला धान्य येतं. मी आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आम्हाला काय हौस म्हणून कर्नाटकात दिलं होतं?"

पण याच निकालात एक वाक्य आहे, ते मी पहिल्या वाचनात गाळलं होतं. तीनपैकी एका गावात भूमिहीन घरं इतरांपेक्षा कमी सुरक्षित असल्याचा पुरावा मिळाला. ज्याच्याकडे परत द्यायला काही नाही त्याला उसनं कोण देणार? आणि दुसरी मर्यादा तर उघडच आहे. बैल एकाचा मरतो, पण पाऊस सगळ्यांचा जातो. १९७२ च्या दुष्काळात शेजाऱ्याकडे मागायला शेजाऱ्याकडेच काही नव्हतं. तिथे बाहेरून काहीतरी यावं लागतं. दुष्काळी कामं निघाली, खडी फोडून मजुरी मिळाली, सुकडी मिळाली. पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि शहरातल्या पगारदारांचा व्यवसाय कर त्या कामी लागला. मुंबईच्या ऑफिसातल्या पगारातून मराठवाड्यातल्या बंधाऱ्यावरची मजुरी. याला मी सरळ बाहेरची सोयरीक म्हणेन.

समाजशास्त्रात संबंधांचे असेच तीन प्रकार करतात. आपल्यासारख्यांशी घट्ट नातं, वेगळ्या लोकांशी सैल ओळख, आणि सत्ता किंवा पैसा असलेल्यांपर्यंत वरची पोच. घट्ट नात्याने पहिल्या रात्री भाकरी मिळते. पण घट्ट नात्याला दार असतं आणि ते बंदही होतं. त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या कोळी वस्त्यांमध्ये त्यांच्या पारंपरिक पंचायतींनी मदतीच्या याद्या झटपट तयार केल्या. त्यामुळे काम भराभर झालं. पण त्याच याद्यांमधून दलित आणि विधवा बायका अनेक ठिकाणी वगळल्या गेल्या. टोकियोत १९२३ साली तर गल्लीगल्लीतल्या शेजाऱ्यांनीच पहारे बसवले आणि अफवांवर विश्वास ठेवून हजारो कोरियन माणसांना मारलं. त्या पहाऱ्यांत एकजूट भरपूर होती.

म्हणून मला 'मुंबई स्पिरिट' वगैरे हेडलाइन वाचल्या की आता चिडचिड होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं वाटली, हे सगळं खरं. पण लोक सावरतात हे एकदा गृहीत धरलं की नाला साफ करायची घाई कोणालाच उरत नाही. रॉडला तुम्ही पुन्हा पुन्हा लोड दिलात तर इलॅस्टिक लिमिटच्या आतसुद्धा फटीग येतो, हे आपण तिसऱ्या सेममध्ये शिकलोय.

मग कसं मोजायचं? मला त्यातल्या त्यात पटलेली पद्धत जेनिफर सिसे आणि ख्रिस्तोफर बॅरेट यांची, २०१८ ची. ते गावाची सरासरी बाजूला ठेवतात. उत्तर केनियातल्या गुरं राखणाऱ्या कुटुंबांच्या नोंदी घेऊन ते प्रत्येक घराबद्दल विचारतात की, पुढच्या हंगामात हे घर एका ठरावीक किमान रेषेच्या वर राहण्याची शक्यता किती? उत्तर ० ते १ मधलं. आज दोन घरांकडे सारखीच गुरं असतील, पण एकाची शक्यता ०.९ आणि दुसऱ्याची ०.४ असू शकते. आजचं पोट भरलेलं आहे, यावरून उद्याचं कळत नाही. शिवाय घराघराचं माप असल्यामुळे आमच्या इस्त्रीवाल्या काकू सरासरीत बुडत नाहीत, निदान पडवीत असेपर्यंत तरी. अडचण एवढीच की एकाच घराकडे वर्षानुवर्षं परत परत जावं लागतं. ते महागडं आणि कंटाळवाणं काम आहे. इक्रिसॅटवाल्यांनी मुक्काम ठोकला तो उगीच नाही.

हे सगळं वाचून मला किडा चावला, आणि मी आमच्या विंगमध्ये वही घेऊन फिरले. प्रश्न एकच. "रात्री अडीच वाजता पाच हजार रुपये लागले तर कोणाला उठवशील?" सायंटिफिक वगैरे काही नाही, मॅगीच्या वाटीवर घेतलेली उत्तरं. प्रत्येकीने कोणाचं तरी नाव सांगितलं. मी कागदावर बाण काढत गेले आणि बरेच बाण एकाच खोलीकडे जायला लागले. ती मुलगी आता हॉस्टेलमध्ये नाही. "असती तर तिलाच उठवलं असतं," असं चौघींनी सांगितलं.

ती चौथ्या सेमच्या मध्येच गेली. घरचं सोयाबीन परतीच्या पावसात गेलं होतं, फीचा हप्ता थकला होता, आणि हे आम्हाला तिची खोली रिकामी झाल्यावर कळलं. तोपर्यंत ती सगळ्यांच्या असाइनमेंट्स करून देत होती, रात्री कोणाला ताप आला तर रिक्षा आणत होती. आमच्या विंगचा त्रिकोण त्या महिन्यात काढला असता तर रेष १०० वरून हललीच नसती. तिच्याकडे जाणारे बाण भरपूर होते. तिच्याकडून निघणारा एकही बाण मला कोणाला विचारून काढता आला नाही.

शेवटी मी तिला फोन केला. आधी लेखाचं सांगितलं, मग तोच प्रश्न विचारला. ती हसली. म्हणाली, "मी? अगं, तुमची सबमिशन्स होती तेव्हा. कशाला उठवायचं?" मग तिने विचारलं, पुढच्या वर्षी डायरेक्ट तिसऱ्या वर्षाला परत येता येतं का, चौथ्या सेमचं काय करावं लागेल. मला माहीत नव्हतं. उद्या ऑफिस अकराला उघडतं, मी जाऊन विचारून येणार आहे.